एका तळ्याचे तीन तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेच्या वेळापत्रकात गणित आणि इंग्रजीचे तास सकाळी, मुलांचे डोके ताजे असताना ठेवलेले असतात. मधली सुट्टी होते, डबे संपतात, डोळ्यांवर झापड येऊ लागते आणि मग येतो समाजशास्त्राचा तास. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र. तीस वर्षे मी हे विषय शिकवले, ते बहुतेक जेवणानंतरच. इतिहास म्हणजे सनावळ्या, भूगोल म्हणजे नद्या आणि पिके, नागरिकशास्त्र म्हणजे कलमे, एवढीच त्यांची ओळख मुलांच्या आणि बऱ्याचदा पालकांच्याही मनात असते. २०२० साली टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा आमच्या आळीतल्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. जो विषय फक्त पाठ करण्यासाठी दिला जातो, तो टळला तर आनंद होणारच.

पण हे तीन विषय तीन वेगळ्या डब्यांत बंद करून ठेवण्यासारखे आहेत का? भूगोल विचारतो, आपण राहतो ती जागा कशी आहे? इतिहास विचारतो, आपल्या आधीच्या माणसांनी त्या जागी काय केले? आणि नागरिकशास्त्र विचारते, आता तिथे आपण एकमेकांशी कसे वागायचे? प्रश्न तीन असले तरी गाव एकच असते. आज मी तुम्हाला रायगड जिल्ह्यातल्या महाडला नेणार आहे. या एका गावात शाळेतले तिन्ही तास कसे एकत्र भरतात, ते पाहू.

सुरुवात भूगोलापासून करू, कारण महाडची गोष्ट महाडच्या बाहेर, डोंगरावर सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर महाबळेश्वरचे पठार आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडतात. अडले की वर चढतात, वर चढले की थंड होतात आणि तिथेच पाऊस ओततात. पुस्तकात याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ इतकाच की डोंगराने ढगाला थांबवले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात गेलात, तर आकडा पाचशेच्या आसपास येतो. ढग डोंगर ओलांडून जातात तेव्हा त्यांची ओंजळ रिकामी झालेली असते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाऊस थांबावा म्हणून आणि दुसऱ्या टोकाला पडावा म्हणून माणसे आभाळाकडे पाहत असतात.

महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम सांगतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. यातली कृष्णा पूर्वेकडे वळते, चार राज्यांतून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. एकाच पठारावर पडलेले दोन थेंब असे दोन समुद्रांना जाऊन मिळतात. मधल्या त्या रेषेला जलविभाजक म्हणतात. मुलांना हा शब्द पाठ करायला लावण्याआधी घराचे कौलारू छप्पर दाखवावे. आढ्याच्या अलीकडे पडलेले पाणी अंगणात येते, पलीकडचे परसात जाते. सह्याद्री हे महाराष्ट्राचे आढे आहे.

सावित्रीच्या काठी, जिथपर्यंत समुद्राच्या भरतीचा जोर पोहोचतो, तिथे महाड वसले. जवळच गांधारी नदी सावित्रीला मिळते. खाडीतून गलबते आत येत, घाटावरून बैलांचे तांडे खाली उतरत आणि दोघांची गाठ महाडला पडे. गावाजवळच्या गांधारपाले इथल्या बौद्ध लेण्या सांगतात की हा राबता फार जुना आहे. घाटमाथा आणि बंदर यांच्यामधल्या जागी बाजारपेठ उभी राहते, हा भूगोलाचा साधा नियम. गावे सहसा विनाकारण वसत नाहीत.

आता दुसरा तास, इतिहासाचा. त्यातही मध्ययुगाचा. प्राचीन आणि आधुनिक यांच्यामधला हा मोठा काळ. मुलांना वाटते, मध्ययुग म्हणजे नुसत्या लढाया. क्रम थोडक्यात सांगायचा तर देवगिरीचे यादव, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची स्वारी, १३१८ च्या सुमारास यादवांचा शेवट, १३४७ मध्ये बहमनी राज्य, त्याची पाच शकले, त्यातली निजामशाही आणि आदिलशाही, उत्तरेकडून उतरणारे मुघल आणि या सगळ्यांच्या मधून सतराव्या शतकात उभे राहिलेले स्वराज्य. पण याच काळात १२९० साली ज्ञानेश्वरी झाली, संतांनी लोकांच्या भाषेला देवाच्या दारात उभे केले, गावगाड्याची घडी बसली आणि कागदपत्रांची शिस्त आली. तलवारीइतकाच नांगर आणि लेखणी यांचाही तो काळ आहे.

महाडच्या परिसरात मध्ययुग शिकायचे, तर जावळीपासून सुरुवात करावी लागते. वाईचे पठार आणि कोकणातली बंदरे यांच्यामध्ये जावळीचे घनदाट खोरे. त्यातून घाटवाटा उतरत. जो जावळी धरील, त्याच्या हाती या वाटा. आदिलशाहीच्या वतीने चंद्रराव मोरे तिथे कारभार पाहत. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्यापाठोपाठ रायरीचा किल्ला घेतला आणि मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधून घेतला. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग झाला. आपण तो वाघनखांसह रंगवून सांगतो, ते ठीक आहे. पण खानाची फौज सपाटीवर लढणारी, घोडदळ, हत्ती आणि तोफा बाळगणारी. ती रडतोंडीच्या घाटाने जंगलात उतरली, तेव्हाच तिचे निम्मे बळ गेले होते. लढाईची जागा महाराजांनी निवडली होती. ती निवडायला भूगोल यावा लागतो.

रायरीचा पुढे रायगड झाला आणि ६ जून १६७४ रोजी तिथे राज्याभिषेक झाला. महाडपासून हा गड पंचवीसेक किलोमीटरवर. चहूबाजूंनी तुटलेले कडे, काळ आणि गांधारी नद्यांची खोरी, जवळ घाटवाटा आणि फार लांब नसलेली खाडी. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला काळा पाषाण तयार झाला. पाऊस आणि नद्यांनी तो कोरत नेला, उभे कडे आणि सपाट माथे उरले. निसर्गाने तट बांधून ठेवले होते. माणसाने दरवाजे बसवले आणि बुरूज चढवले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात रायगड आणि प्रतापगड आहेत. यादीतल्या नावात नुसते किल्ले नाहीत, तर मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचा उल्लेख आहे. इतिहास आणि भूगोल तिथे एका नावात बांधले गेले आहेत.

पण एवढ्या उंचावर हजारो माणसांनी प्यायचे काय? काळ्या पाषाणात पाणी सहज मुरत नाही. पावसात कड्यावरून धबधबे कोसळतात आणि उन्हाळ्यात थेंब मिळत नाही. म्हणून गडावर गंगासागर, हत्ती तलाव अशी तळी आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, स्पष्ट सांगितले आहे की किल्ला बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावे. नसेल तर कातळ फोडून आधी पाण्याची सोय करावी आणि मग बांधकामाला हात घालावा. आजही घर बांधताना आपण आधी पाहतो ती फरशी!

त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा आणि फणस ही झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकरासारखी जपलेली असतात, ती जबरदस्तीने तोडू नयेत. एखादे अगदी जीर्ण झाड लागलेच, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याचे चार महिने घोड्यांना पुरेल असा दाणा आणि गवत जपून वापरा, ते संपले म्हणून कुणब्यांच्या घरचे धान्य, भाजी, लाकूड ओढून आणू नका, अशी ताकीद त्यात आहे. रात्री दिवा जळत ठेवलात आणि उंदराने पेटती वात गवताच्या गंजीत नेली, तर काय होईल, इथपर्यंत बजावले आहे. १६७६ साली रामाजी अनंत या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात तर गावोगाव फिरून, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलासाठी पैसे द्यावेत आणि ते त्याची ऐपत येईल तसे हळूहळू, वाढीव न घेता परत घ्यावेत, असे सांगितले आहे. राज्य कोणासाठी असते, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. म्हणजे इतिहासाच्या तासातच नागरिकशास्त्र येऊन बसले.

मात्र मध्ययुगाची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. गावगाड्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार होते. तंटा झाला की गोतसभा बसे आणि निवाड्याच्या महजरावर जो तो आपली निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगराची. हा कारभार दूरच्या सुलतानाला न विचारता चाले, ही गोष्ट कौतुकाची. पण त्या गावगाड्यात जन्माने ठरलेली उतरंड होती. ज्याच्याकडून गावाची राखण करून घ्यायची, सांगावा पोचवायचा, मेलेली गुरे ओढायची, त्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. संत चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ साली गेले. ज्यांनी गावाच्या भिंती बांधल्या, त्यांना राहावे लागे भिंतीच्या बाहेर. पंढरपूरला त्यांची समाधी आहे, तीही महाद्वारापाशी, देवळाबाहेर. संतांनी माणुसकी शिकवली, पण पाणवठा काही बदलला नाही. एवढी मोठी गोष्ट केवळ चांगल्या विचारांनी बदलत नाही. त्यासाठी हक्क लागतो आणि हक्काला कायदा लागतो.

इथे नागरिकशास्त्राचा तास सुरू होतो आणि तो पुन्हा महाडलाच भरतो. १९२३ साली समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी गावातले चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव वहीत लिहिला गेला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत केवढे अंतर असते, ते या तीन वर्षांनी दाखवले.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसह शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. उलट हात उगारू नका, असे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले. तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी झाला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. विरोधकांचे म्हणणे, अनादी काळापासून अशीच रूढी आहे. दहा वर्षे लढा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ असे कोणी म्हणाले की ‘पुरावा दाखवा’ असे विचारायचे असते. इतिहासाच्या तासाला हेच तर शिकायचे असते.

भारताच्या संविधानातले पंधरावे कलम मुले पाठ करतात. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही, एवढे त्यांना येते. पण त्याच कलमाचा पुढचा भाग वाचून पाहा. दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर तिथे विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेतली आहेत. सरकारी पैशाने चालणारी किंवा लोकांसाठी वाहिलेली अशी ठिकाणे वापरण्यापासून कोणालाही अडवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात तळे हा शब्द का आला, हे ज्याला चवदार तळे ठाऊक आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ते कलम वाचताना मला अजूनही महाडचे तळे दिसते. २०२७ हे त्या घटनेचे शताब्दी वर्ष आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे झाले जुने, आजच्या मुलांना त्याचा काय उपयोग? उपयोग जिवाचा आहे. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. माणमध्ये वर्षाला पडतो त्याहून जास्त. सावित्रीला पूर आला आणि महाड पाण्याखाली गेले. त्याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तीव्र उतार, कातळावर मातीचा थर, त्या मातीत मुरलेले अतोनात पाणी, असे सगळे जुळून आले की डोंगर सरकतो. सरकण्याआधी पुष्कळदा तो खुणा दाखवतो. जमिनीला भेगा पडतात, झाडे आणि खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. या खुणा घाटाखालच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हव्यात. पुराचेही तसेच. वर घाटात धो धो पाऊस आणि खाली खाडीत मोठी भरती, दोन्ही एका वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात पंचांगातली अमावास्या-पौर्णिमाही पाहावी लागते. हा झाला भूगोल.

मागे कधी, कुठे दरड आली होती, पुराचे पाणी कोणत्या ओट्यापर्यंत चढले होते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवणे हा इतिहास. आणि ते लिहिलेले घेऊन ग्रामसभेत उभे राहणे, हे नागरिकशास्त्र. १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य आहे. कोणी नेमावे लागत नाही, निवडून यावे लागत नाही. मध्ययुगातल्या गोतसभेत बसायला वतन आणि जात लागे. आजच्या ग्रामसभेत बसायला वयाची अठरा वर्षे पूर्ण आणि मतदार यादीत नाव, एवढे पुरते. सहाशे-सातशे वर्षांत आपण कुठून कुठे आलो, ते मोजायला ही एवढी तुलना पुरेशी आहे. तरीही कितीतरी ठिकाणी ग्रामसभेला माणसे जमत नाहीत आणि सभा तहकूब होते.

पालकांना आणि शिक्षकमित्रांना माझे एकच सांगणे आहे. पुस्तक पुरे करा, परीक्षाही द्या, त्यात वाईट काही नाही. पण वर्षातून एकदा मुलांना आपल्या गावातला एक पाणवठा निवडू द्या. विहीर असेल, बारव असेल, तलाव असेल, शहरात असाल तर इमारतीची टाकी असेल. त्यांना तीन प्रश्न द्या. हे पाणी कुठून येते? हे कोणी, कधी बांधले आणि पूर्वी इथे कोणाला पाणी भरता येत नव्हते? आणि आज याची देखभाल कोणाच्या पैशाने, कोणाच्या निर्णयाने होते? पहिल्या प्रश्नासाठी मुले डोंगर पाहतील. दुसऱ्यासाठी आजी-आजोबांपाशी बसतील आणि कदाचित त्यांना अवघड, लाज वाटणारी उत्तरेही मिळतील. ती मिळू द्या. तिसऱ्यासाठी पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कार्यालयाची पायरी चढतील. तेव्हा साहेबापुढे अंग चोरून उभे न राहता खुर्चीवर बसून विचारायचे असते, हेही शिकतील.

कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. उतार आणि कातळ यांना दोष देऊन भूगोल थांबेल. त्याच कातळात आपल्या पूर्वजांनी टाकी खोदली होती, हे इतिहास सांगेल. मग आपल्या वाडीत ते का झाले नाही, हा प्रश्न ज्या मुलीला ग्रामसभेत उभे राहून विचारता आला, ती समाजशास्त्रात पास झाली असे मी समजतो. तिचे गुण किती, ते मग पाहू.